तीन वाढले

दिवाळीची सुट्टी संपायला तीन दिवस असताना, शुक्रवारी अकराच्या ठोक्याला, तिसरीच्या एकतीस मुलांची सत्रपत्रं शाळेत येऊन थडकली. वृषाली तोडकर त्यांची वाट बघत नऊपासूनच वर्गात बसली होती. गावात सत्रपत्राला पोरांची कुंडली म्हणायचे. फरक एवढाच, की कुंडली खोटी ठरली तर जोशीबुवांना चार शब्द सुनावता यायचे. सत्रपत्र सहसा खोटं ठरत नसे, आणि ठरलं तरी सुनावायचं कुणाला हे कुणाला ठाऊक नव्हतं.

प्रत्येक पत्रावर मुलाचं नाव आणि त्याखाली एकच मथळा असे: येत्या सत्रात हा विद्यार्थी काय शिकेल. काय शिकवायचं नव्हे, काय शिकेल. राजवीर सहाव्या आठवड्यात जोडाक्षरं अडखळल्याशिवाय वाचेल. भागाकार त्याला या सत्रात जमणार नाही, तेव्हा कुणी त्याच्या मागे लागू नये. सान्वीला नकाशा चौथ्याच आठवड्यात कळेल. वृषाली एकेक पत्र सरकवत होती आणि मनात मुलांच्या जागा ठरवत होती. अठराव्या पत्राशी तिचं बोट थांबलं. त्या पत्राची कड करडी होती.

ईश्वरी निवास गुरव. गणित: उलटी संख्याजाण. तीन सत्रं आकडे बंद. सोमवारी सकाळी अकराला आधार केंद्रात रवानगी.

ही पत्रं ज्या चाचणीतून निघत त्या वेधामागचं शास्त्र तसं जुनंच होतं. माणसाचा मेंदू ऐकता ऐकता पुढचा शब्द ओळखून ठेवत असतो. 'आईने दुधात' एवढं कानावर पडलं की साखर, हळद, विरजण असं काहीतरी आत तयार असतं. तिथे कुणी 'आईने दुधात दगड घातला' म्हटलं की मेंदू दचकतो. अर्ध्या सेकंदाच्या आत डोक्यावरच्या विजेच्या लहरीत एक खळगा पडतो. तो मुद्दाम पाडता येत नाही आणि लपवताही येत नाही. डॉक्टरांना हे साठ वर्षांपासून माहीत होतं.

नवी होती ती त्यावरची मोजदाद. लाखो मुलांच्या कपाळाला पट्टा बांधून त्यांना वीस-वीस मिनिटं वाक्यं ऐकवली, त्यातली काही मुद्दाम चुकीची, आणि सहा महिन्यांनी कोण काय शिकलं ते पाहिलं. 'तीन आणि दोन सहा' ऐकून ज्याचा मेंदू दचकतो त्याला बेरीज कळलेली असते, मग त्याला ती तोंडाने सांगता येवो न येवो. असं करत करत यंत्र पुढच्या सत्राचं भाकीत करू लागलं आणि शंभरात चौऱ्याण्णव वेळा ते खरं निघालं. पोरांना जमत नाही ते घोकायला लावणं थांबलं. 'ढ' हे अक्षर शाळेत फक्त ढगापुरतं उरलं. वृषालीने हे सगळं स्वतःच्या वर्गात होताना पाहिलं होतं, त्यामुळे तिचा वेधावर विश्वास होता आणि तो ऐकीव नव्हता.

बेरीज न येणारं मूल कुठेच दचकत नाही. त्याची काळजी नसते, त्याला शिकवता येतं. पण हजारात एखादं मूल बरोबर उत्तराला दचकतं आणि चुकीच्या उत्तराला स्वस्थ राहतं. 'ताटात पाच लाडू होते. तीन वाढले. आता लाडू आठ.' या वाक्याला ईश्वरी दचकली होती. 'आता लाडू दोन' म्हटल्यावर तिची लहर सपाट होती. बेरजेच्या दहाच्या दहा वाक्यांना हाच प्रकार. असं मूल आकड्यांत राहिलं तर उलटं तेच पक्कं होतं, असं अभ्यास मंडळाचं म्हणणं. म्हणून दीड वर्ष त्याच्या आसपास आकडा येऊच द्यायचा नाही. जिल्ह्याच्या गावाला त्यासाठी वसतिगृहासकट केंद्र काढलं होतं.

वृषाली पत्र घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेली. बोधे सर निवृत्तीला आलेले, सज्जन, आणि कुठल्याही कागदाला न दुखावणारे गृहस्थ होते.

"सर, ही मुलगी पहिल्या सत्रात बेरीज चुकल्याचं मला आठवत नाही."

"चिन्ह बघून करतात हो बाई. अधिक दिसलं की मिळवायचं, वजा दिसलं की काढायचं. आत काय चाललंय ते पट्ट्याला कळतं." त्यांनी पत्र परत दिलं. "आणि बेरजेची ती वाक्यं तर तुम्हीच लिहिलेली. तुमचा तुमच्यावरच विश्वास नाही का?"

ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी मंडळाने शिक्षकांमधून वाक्यं लिहिणारे निवडले, त्यात वृषाली होती. बेरजेची दहा वाक्यं तिची. ती तीन जिल्ह्यांत वाजत होती, आणि त्यांच्याच जोरावर येत्या सत्रापासून तिची जिल्ह्याची वेध-मार्गदर्शक म्हणून नेमणूक झाली होती. नेमणुकीचं पत्र तिच्या पर्समध्ये होतं.

"पालकांची सही घेऊन टाका," बोधे सर म्हणाले. "नाही दिली तरी सोमवारी अकराला पत्र आपोआप पक्कं होतंच. पण सही असलेली बरी."

तुळशीची लग्नं उरकली होती आणि माणसांच्या लग्नांचा धडाका सुरू झाला होता. निवास गुरव शाळेत यायला मोकळा नव्हता. तो आठ वाढप्यांची टोळी घेऊन पंगती उठवायचा. शनिवारी दुपारी वृषालीच मंगल कार्यालयात गेली. मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या दारापाशी, कमरेला पंचा गुंडाळलेला निवास तिला दिसला. तिच्या हातातली सहीची पाटी बघून त्याने हातातली बादली खाली ठेवली.

"बाई, तुमी कशाला आला? मीच आलो आसतो संध्याकाळी."

"सही हवी होती. फोनवर बोलले होते मी."

"हां." तो पंचाला हात पुसत राहिला. हात कधीच कोरडे झाले होते. "बाई, एक इचारू? माझ्या पोरीचं डोस्कं खरंच उलटं हाय का?"

"डोकं उलटं नाही हो. आकड्यांची जाण जरा वेगळी आहे. दीड वर्षात सुधारेल." हे वाक्य तिने आधी कुठेतरी म्हटलं होतं, तशाच आवाजात.

"तिची आई कालपासनं रडतीया. आठ वर्षांची पोर, कदी घराबाहेर ऱ्हायली न्हाई. पन तुमी म्हणताय म्हंजे बऱ्यासाठीच आसणार." त्याने अंगठा पुढे केला, त्याला पाकाचा चिकटा दिसला, आणि तो नळाकडे गेला.

पंगत अर्ध्यावर आली होती. जिलबीच्या परातीजवळ एका उलट्या घातलेल्या पातेल्यावर ईश्वरी बसली होती. सुट्टी असली की ती बापाबरोबर यायची. एक वाढपी रिकामं ताट घेऊन धावत आला.

"ईशे, जिलबी किती हाय?"

"दीडशे हुत्या," ईश्वरी परातीकडे न बघता म्हणाली. "पंचावन्न पानं, दोन-दोन. एकशे दहा वाढल्या. चाळीस हायत. दुसऱ्या पंगतीला वीसच पानं घ्या, न्हाईतर एक-एक टाका."

एवढं बोलून तिची नजर बाईंवर गेली, आणि तिने दोन्ही हात तोंडावर धरले. आकडे बंद व्हायचे आहेत हे तिला घरात कळलं होतं.

वृषालीला आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती मुलीसमोर उकिडवी बसली. "काय म्हणालीस तू? एकशे दहा काय झाल्या?"

"चुकलं, बाई."

"चुकलं नाही. फक्त परत सांग."

"एकशे दहा वाढल्या." आणि मग, बाईंचा चेहरा बघून, घाबरत, "वाढल्या म्हणून चाळीस राहिल्या."

आतून आचाऱ्याची हाळी आली. "पापड वाढलं रे, पापड वाढलं." आणि पापडाचा रिकामा डबा दारातून बाहेर आला.

निवास हात धुऊन आला होता. वृषालीने त्याला विचारलं, "पापड संपले ना? मग हे वाढलं का म्हणतायत?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "भरल्या पंगतीत संपलं म्हणायचं व्हय, बाई? आन्नाला संपलं कोन म्हणतं? आमच्या आज्यापासनं सांगनं हाय, देवाच्या दारात आन् पानावर बसलेल्या मानसासमोर संपलं, सरलं, न्हाई, हे शबुद काढायचं न्हाईत. वाढलं म्हणायचं." त्याने अंगठा पाटीवर ठेवायला पुढे आणला. "कुटं करू?"

वृषालीने पाटी मागे घेतली. "आज नको."

ती परत निघाली. तिला माहीत होतं. हे सगळ्यात वाईट होतं, की तिला माहीत होतं. तिच्या स्वतःच्या आईच्या घरात मीठ कधी संपलं नव्हतं, वाढलं होतं. कुंकू वाढायचं, तांदूळ वाढायचे, हातातली बांगडी पिचली तरी ती वाढायची, आणि देवापुढचा नारळ फुटायचा नाही, तोही वाढायचाच. पण आई जाऊन बारा वर्षं झाली. वृषालीला दोन वेळचा डबा येत होता. तिला कुणी वाढत नव्हतं आणि ती कुणाला वाढत नव्हती. आता घराघरात लोक सरळ 'संपलं' म्हणतात. जुना शब्द उरला तो गुरवांच्या, आचाऱ्यांच्या, खानावळवाल्यांच्या घरांत. ती घरं वाक्यं लिहिणाऱ्यांच्या बैठकीला नव्हती.

घरी गेल्यावर तिने जुनी टिपणं उघडली. तिचं मूळ वाक्य होतं: 'आणखी तीन वाढले.' मंडळाने कळवलं होतं की वजाबाकीचं वाक्य 'तीन गेले' असं आखूड आहे, तेव्हा बेरजेचंही तेवढंच हवं, नाहीतर मोजणी गढूळ होते. तिने 'आणखी' काढला होता. दहाही वाक्यांतून काढला होता, आणि 'अधिक' सारखा पुस्तकी शब्द टाळून मुलांच्या तोंडचा 'वाढले' ठेवला म्हणून स्वतःची पाठही थोपटली होती. यंत्राने काही चूक केली नव्हती. पाच लाडवांतले तीन वाढले की दोन राहतात, आणि कुणी 'आठ' म्हटलं तर शहाणं मूल दचकणारच.

रविवारी सकाळी ती बोधे सरांच्या घरी गेली. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ चष्मा पुसला.

"दोन वाटा आहेत, बाई. एक म्हणजे लेखकाची हरकत. वाक्य लिहिणाऱ्याने स्वतः लिहून द्यायचं की वाक्य सदोष आहे. ते दिलंत की तुमचा अख्खा वाक्यगट तीन जिल्ह्यांत थांबणार, दोन वर्षांचे निकाल उघडणार, चौकशी लागणार. तुमची नेमणूक गेलीच समजा. शाळेचंही नाव जाईल."

"आणि दुसरी?"

"वर्गशिक्षकाच्या शिफारशीने एकदाच फेरवेध घेता येतो. उद्या सकाळी आठला घेऊ. आज दिवसभर पोरीला बसवा. वाढले म्हणजे जास्त झाले, एवढं डोक्यात घाला. कुणाला काही कळायला नको. एका शब्दाचा तर प्रश्न आहे."

पडत्या फळाची आज्ञा म्हणतात तशी ती वृषालीने उचलली. दुपारी ईश्वरीला शाळेत बोलावलं, सरावाचा पट्टा तिच्या कपाळाला बांधला आणि वाक्यं वाचायला सुरुवात केली. "ताटात पाच लाडू होते. तीन वाढले. म्हणजे तीन जास्त आले. आता किती?"

"आठ," ईश्वरी म्हणाली. हुशार मुलगी होती. बाईंना काय हवंय हे तिला दुसऱ्याच वाक्याला कळलं.

पण पट्टा तोंडाकडे बघत नव्हता. 'आठ' ला लहर दचकली. वृषालीने दहा वेळा वाचलं, वीस वेळा वाचलं. चारच्या सुमाराला 'आठ' चा खळगा उथळ झाला, पण आता 'दोन' लाही खळगा पडायला लागला. मुलगी दोन्हीकडे दचकत होती. वृषालीने पाणी प्यायला दिलं, पट्टा सैल केला, पुन्हा आवळला.

"बाई," ईश्वरीने विचारलं, "मग बाबा चुकीचं बोलत्यात का?"

"चुकीचं नाही. ते घरचं बोलणं आहे."

"घरचं बोलणं उलटं आसतं का?"

वृषाली म्हणाली, "आपण अजून एकदा करू."

संध्याकाळी सातला निवासचा फोन आला. तो आवाज चढवणारा माणूस नव्हता, आणि त्याने तो चढवलाही नाही. "बाई, तुमी काय शिकिवलं आज? पोरगी जेवाय बसली, आई म्हणाली भात वाढू का, तर तिच्या तोंडाकडं बगत बसली. खाल्लाच न्हाई. मी म्हनलं चल, उद्याची पानं मोजू, तुजं आवडीचं काम, तर म्हणती मी मोजत न्हाई, मला उलटं येतं. तुमी तिला बरी करा, बाई. पन आसली नको."

त्या रात्री जेवणाचा डबा वृषालीने उघडला नाही.

सोमवारी आठ वाजता ईश्वरी वेधाच्या खुर्चीत बसली होती. वेणीला नवी रिबीन, पायांत चपला नव्हत्या कारण त्या बाहेर काढायच्या असतात. तिची वळकटी आणि एक पत्र्याची पेटी दाराशी ठेवली होती; फेरवेध फसला तर अकराची गाडी गाठायची होती. निवास आणि त्याची बायको रूपा व्हरांड्यात उभे होते. रूपाने एकदाही खोलीत डोकावून पाहिलं नाही.

वृषालीने पट्टा हातात घेतला. ईश्वरीने दोन्ही हात फ्रॉकखाली लपवले होते. कापड हलत होतं. ती आत बोटांवर काहीतरी मोजत होती आणि ते कुणाला दिसू नये म्हणून धडपडत होती. आठ वर्षांचं मूल आकडे लपवत होतं, जसं दुसरं एखादं मूल चोरलेला पेरू लपवेल. तिला हे शिकवलं कुणी, याचा विचार करायची गरजच नव्हती.

वृषालीने पट्टा परत त्याच्या खोक्यात ठेवला.

"काय झालं?" बोधे सरांनी विचारलं.

"फेरवेध नको. हरकत भरते."

"बाई, हाताने पायावर धोंडा पाडून घेताय. पोरगी पास होईलही कदाचित."

"होईल. बाप चुकीचा बोलतो हे एकदा पक्कं पटलं की होईल." तिने खोक्याचं झाकण लावलं. "सर, चूक माझी आहे. ती मी या मुलीच्या डोक्यात का भरू?"

हरकतीचा अर्ज लहान होता. वाक्य क्रमांक, लेखकाचं नाव, दोषाचं स्वरूप. वृषालीने लिहिलं: 'वाढणे या क्रियापदाचे मराठीत वाढप करणे आणि संपणे असेही अर्थ होतात. आणखी हा शब्द मी काढला.' शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, लिहिताना हा दोष आपणास ठाऊक होता का. तिथे ती पाच मिनिटं अडली. 'ठाऊक असायला हवा होता' लिहिलं, खोडलं, आणि लिहिलं, 'होय. विसरले होते.' साडेनऊला अर्ज गेला.

मग काहीच झालं नाही. दहा वाजले. सव्वादहा झाले. पावणेअकराला केंद्राची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरने पेटी उचलायला हात घातला. निवासने त्याचा हात धरला नाही, फक्त पेटीवर बसला. अकराला सात मिनिटं कमी असताना वृषालीच्या पडद्यावर उत्तर आलं. वाक्यगट स्थगित. ईश्वरी गुरवच्या बाबतीत बेरजेची वाक्यं बाद धरून सत्रपत्र नव्याने काढलं होतं: तीन अंकी वजाबाकी दुसऱ्या आठवड्यात, गुणाकार चौथ्या, भागाकार नवव्या. कड पांढरी.

वृषालीने ते व्हरांड्यात वाचून दाखवलं. रूपा खांबाला टेकून खाली बसली. निवासने भागाकारापर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजे आमचं बोलनं बरोबर हुतं न्हवं?"

"बरोबर होतं."

"मग हिला सांगा तसं. आमी सांगून ऐकना."

वृषाली ईश्वरीकडे वळली. एकतीस मुलांना रोज शिकवणाऱ्या बाईला ते एक वाक्य उच्चारायला फार जड गेलं. "ईश्वरी, तुझे बाबा बरोबर बोलतात. बाईंचं चुकलं होतं." ईश्वरीने मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही हे सांगायला पट्टा बांधलेला नव्हता.

दुपारी दुसरं पत्र आलं. नेमणूक रद्द, चौकशीची तारीख मागाहून कळवू. सोबत एक यादी होती. यंत्राने जुने निकाल आपणहून तपासले होते. 'वाढले' या शब्दापाशी उलटी ठरलेली मुलं तीन जिल्ह्यांत एकशे चौऱ्याऐंशी निघाली. ज्या त्या शाळेने आपापल्या मुलाला आणि पालकांना समक्ष कळवावं, असा आदेश होता. या शाळेच्या नावापुढे एकच मूल होतं. प्रांजल कोष्टी, गेल्या वर्षीची तिसरी.

प्रांजल वृषालीला आठवत नव्हती असं नाही. शुक्रवारपासून ती आठवण दाराशी येत होती आणि वृषाली दार लावून घेत होती. प्रांजलची आई खानावळीत पोळ्या लाटायची. गेल्या दिवाळीनंतर ती सही द्यायला तयार नव्हती. वृषाली तीनदा तिच्या घरी गेली होती, चहा प्यायली होती, आणि तिला पटवलं होतं. जाण जरा वेगळी आहे, दीड वर्षात सुधारेल.

मंगळवारी सकाळच्या एसटीने ती जिल्ह्याच्या गावाला गेली. केंद्र स्वच्छ होतं, भिंती पिवळ्या, कुंड्यांत झेंडू. वाईट वागवण्याचं एकही चिन्ह कुठे नव्हतं. फक्त खोल्यांच्या दारांवर आंबा, मोर, होडी अशी चित्रं होती, भिंतीवर घड्याळ नव्हतं, आणि पुस्तकांच्या पानांचे कोपरे कोरे होते. मुली खिडकीतल्या उन्हावरून जेवणाची वेळ ओळखत होत्या. कार्यालयातल्या ताईंनी आदेश वाचला आणि त्या म्हणाल्या, "जेवणं चाललीत. प्रांजल वाढतेय. तिला वाढायला फार आवडतं, आम्ही नाही म्हणत नाही."

मुलींची रांग भिंतीला पाठ टेकून बसली होती. प्रांजल आता नऊ वर्षांची, उंच झाली होती. कमरेवर पोळ्यांची टोपली धरून ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होती. पहिल्या मुलींना ती दोन-दोन पोळ्या देत होती. रांगेच्या मध्याला आल्यावर ती क्षणभर थांबली, पुढच्या पानांवरून एक नजर फिरवली, आणि तिथून पुढे प्रत्येकीला एकच पोळी देऊ लागली. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं. शेवटच्या मुलीच्या ताटात शेवटची पोळी पडली आणि टोपली रिकामी झाली.

वृषाली तिच्याजवळ गेली. प्रांजलने तिला ओळखलं. ती हसली नाही, पण टोपली खाली ठेवून नीट उभी राहिली.

"प्रांजल, मधूनच एकेक पोळी का द्यायला लागलीस गं?"

"दोन-दोन दिल्या असत्या तर शेवटच्यांना पुरल्या नसत्या, बाई."

"हे तुला मध्येच कसं कळलं?"

वृषालीने ते कौतुकाने विचारलं होतं. पण प्रांजलचा चेहरा एकदम उतरला. तिने कार्यालयाच्या दाराकडे पाहिलं, पिठाळलेले हात पाठीमागे नेले, आणि हळू आवाजात म्हणाली, "मी गणित नाही केलं, बाई. शपथ. मी नुसतं वाढत होते."